महादू, तू कधीच मालक नव्हतास

महादू, तुला कोट घातलाय.

उंब्रजच्या चौकात, एसटी थांब्यासमोर, तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला. निळा कोट, लाल टाय आणि त्यावर तुझं ते बावळट हसू. मान तुझी आहे, कोट कुणाचा आहे देव जाणे. फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर डोकं चिकटवताना ते जरा तिरकं बसवलंय, त्यामुळे कुणीतरी हाक मारावी आणि तू वळून बघावंस तसा दिसतोस. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली तुझं नाव, आणि नावाखाली लाल अक्षरात 'मालक व भागीदार', मग आपल्या ज्यूसच्या दुकानाचं नाव. ते नाव मी इथे लिहीत नाही. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत ज्यांनी त्या नारंगी पाट्या बघितल्यात त्यांना कळेल, ज्यांनी बघितल्या नाहीत त्यांचं काही अडत नाही. सगळ्यात खाली 'शोकाकुल' म्हणून शेठचा, या पाटीच्या नवाही दुकानांच्या धन्याचा फोटो, तुझ्या फोटोपेक्षा मोठा.

मी तिथे उभी राहिले. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. आयुष्यभर तू खाकी ॲप्रन घातलास, त्याच्या खिशात मोसंबी सोलायचा चाकू आणि तंबाखूची पुडी. मेल्यावर तुला टाय बांधला. आणि एवढा खर्च तुझ्यावरच्या प्रेमापोटी केला नव्हता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं नंतर, केसच्या तारखेच्या दिवशी.

तू पहिल्यांदा दुकानात आलास त्याला अकरा वर्षं झाली. मी गल्ल्यावर होते, तू मागे मशीनवर. आटपाडीकडच्या माळावर मेंढरं राखणारा माणूस, वडलांनी कळप विकला म्हणून हायवेला आलेला. पहिल्या दिवशी तू मोसंब्याच्या क्रेटसमोर उकिडवा बसलास आणि एकेक फळ तळव्यावर घेऊन वर-खाली करायला लागलास, कोकरू उचलून बघावं तसं. मी म्हटलं, हा काय खेळ लावलाय. तू म्हणालास, "आक्का, रंगावर जाऊ नगा. जड हाय त्ये घ्या." पुढे भाजी घेताना, नातीसाठी पेरू घेताना, मी तुझंच ऐकलं. आजही कुठलं फळ हातात घेतलं की आधी वजन बघते. एवढं एक शिकवून गेलास, त्याबद्दल बरं वाटतं आणि लगेच राग येतो, कारण फळं निवडणाऱ्या माणसाला शेठ निवडता आला नाही.

राग तुझ्यावर आहेच. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांना म्हणू दे.

दुपारी चार वाजले की तू माझ्यासाठी बिनबर्फाचा ग्लास आणायचास. शेठचा हुकूम उलटा होता, अर्धा ग्लास बर्फ, मग साखरपाणी, मग फळ दाखवायला. तू गिऱ्हाइकासमोर हुकूम पाळायचास आणि बाळंतीण, म्हातारं माणूस, लांबच्या गाडीनं आलेला आजारी कुणी दिसला की गुपचूप बर्फ गाळायचास. आमचे हे मिलिटरीतून आले आणि पाठोपाठ काविळीनं पडले, तेव्हा महिनाभर रोज तू घरी उसाचा रस पोचवलास, स्वतः यंत्र धुऊन, स्वतः गाळून. तेव्हा मी तुला धन्यवाद म्हटले नव्हते. आक्का म्हणतोस ना, मग आण, एवढंच म्हटलं होतं.

आणि तुझा तो अंगठा. वर्षानुवर्षं अननस आणि मोसंबी सोलून तुझ्या अंगठ्यावरच्या रेषाच गेल्या होत्या. नखाखालचं कातडं गुळगुळीत, काचेसारखं. हजेरीचं मशीन बसलं तेव्हा आम्हा सगळ्यांचे अंगठे लागले, तुझा लागेना. मशीनच्या आतली बाई रोज सकाळी सांगायची, पुन्हा प्रयत्न करा. तू पुसून लावायचास, थुंकी लावून लावायचास, शेवटी मशीनला म्हणायचास, "बाई, रोज भेटतोय तरी वळखंना व्हय?" आम्ही हसायचो. पण महिनाअखेर तुझे नऊ खाडे लागले तेव्हा कुणी हसलं नाही. मग सांगलीच्या ऑफिसातून मॅनेजरचा फोन आला की याने रोज सकाळी चिठ्ठी लिहायची आणि दुकानातल्या घड्याळासकट तिचा फोटो मोबाइलवर पाठवायचा. चिठ्ठ्या टाकू नका, जपून ठेवा, असंही त्यानंच सांगितलं. म्हणून तू जुन्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहायला लागलास. 'आज मी हजर आहे. महादेव.' फोटो काढायचास आणि चिठ्ठी बिलं अडकवायच्या तारेत खोचायचास. इतकी वर्षं. तार भरली की दुसरी तार.

आता खंडेनवमीचं सांगते. गेल्याच्या गेल्या वर्षीची.

आपल्याकडे त्या दिवशी यंत्राला देव मानतात, हे कुणाला समजवायला नको. सकाळीच तू ज्यूसची तिन्ही मशिनं धुतलीस, पुसलीस, झेंडूचे हार घातलेस, पायाला हळदीकुंकू लावलंस. चाकूसुद्धा पाटावर ठेवलास. शेठ त्या दिवशी एकेक करत नवाच्या नऊ दुकानांत गेले. आपल्याकडे आले तेव्हा हातात पेढे आणि एक फाईल. फाईल त्यांनी मशीनशेजारी पाटावर ठेवली, तिच्यावर हळदीकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. म्हणाले, आजपासून महादू नोकर नाही, घरचा माणूस, या दुकानाचा भागीदार. पोरींनी टाळ्या वाजवल्या. तुझे कान लाल झाले. आपल्या माणसांना असंच फसवता येतं, महादू. टेबलावर ठेवलेला कागद आपण दहादा उलटून बघू, भावाला दाखवू, तलाठ्याला दाखवू. पाटावर ठेवलेल्या कागदाला आपण हात जोडतो. नऊ दुकानांत नऊ शहाण्या माणसांनी न वाचता सह्या केल्या, कारण पूजेत मांडलेल्या वस्तूवर शंका घ्यायची नसते.

त्या सकाळची एक गोष्ट मी इथे गिळतेय. हे लिहून संपायच्या आत सांगेन.

त्या कागदानं काय केलं ते दीड वर्षानं कळलं. दुकानाचा भाडेकरार तुझ्या नावावर, खाद्यपदार्थाचं लायसन तुझ्या नावावर, आम्ही सगळ्या बायका-पोरी तुझ्या नोकरीत. शेठचा कागदोपत्री संबंध फक्त पाटीवरच्या नावाशी. गल्ला मात्र रोज त्यांचा माणूस घेऊन जायचा. तुझा पीएफ बंद झाला, ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या दवाखान्याच्या यादीतून नाव उडालं, कारण मालकाला कसला आलाय पीएफ. आणि गंमत बघ. मालक झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सकाळी साडेआठला तू चिठ्ठी लिहिलीस. आज मी हजर आहे.

पुढे हायवेचं काम निघालं, समोरचा रस्ता बंद झाला, गिऱ्हाईक पुलावरून परस्पर जायला लागलं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यायची ती निम्मी सडलेली. शेठ म्हणायचे, धंदा बसला. बसला असेलही. पण उन्हाळ्याच्या ऐन तोंडावर ज्यूसची नऊ दुकानं एका आठवड्यात कोण बंद करतं? टेम्पो आला आणि मशिनं घेऊन गेला. पंधरा दिवसांनी मी माहेरी आष्ट्याला गेले, तर तिथे रस्त्याकडेला हिरव्या पाटीचं नवंकोरं ज्यूस सेंटर. शेठच्या मेहुण्याचं. आत आपलंच मशीन, पायावर तू लावलेलं कुंकू अजून फिकट दिसत होतं. मी तिथे उभ्या उभ्या एक ग्लास मागवला. अर्धा बर्फ होता.

आम्ही सांगलीला ऑफिसात गेलो तेव्हा शेठनी चहा पाजला. आवाज चढवला नाही, तो माणूस कधीच चढवत नाही. म्हणाले, बायांनो, तुमचा पगार, तुमची नोकरी, सगळं तुमच्या मालकाला विचारा, तुमचा मालक महादू. करून सवरून नामानिराळा. आणि आपल्यातल्याच दोघीतिघी दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात आल्या की रे. अकरा वर्षं ज्यांना तू दादा होतास, त्यांनी तुला दारात गाठून पगार मागितला. तुझ्या बायकोनं, सोनाबाईनं त्यांना पाणी दिलं. तू उंबऱ्यावर बसून जमिनीकडे बघत राहिलास, असं तिनं मला सांगितलं.

मग मी आले, अर्ज घेऊन. साताऱ्याच्या कामगार ऑफिसात द्यायचा अर्ज. त्यात सगळ्यात वर तुझी सही हवी होती, की मी मालक नव्हे, मी कामगार, सही माझ्याकडून फसवून घेतली. तू ते वाचलंस. या वेळी नीट, दोनदा वाचलंस. आणि अर्ज माझ्या मांडीवर परत ठेवलास.

"सही माझी हाय, आक्का. देवाम्होरं केलीया. ती न्हवं कशी म्हनू?"

मी काय काय बोलले ते आठवून आज कानशिलं तापतात. मेंढरामागची अक्कल, म्हटलं. शेठचा कुत्रा, म्हटलं. मी विचारलं की फसवून घेतली एवढं लिहायला तुझं काय जातंय, तर म्हणालास, "मग इचारत्यात की, कुनी फसवलं, कसं फसवलं, कोन कोन हुतं. नगं त्ये." मला वाटलं भितोस. मी उठले, म्हटलं, बस त्या सहीला कवटाळून, माझ्या दारात यायचं नाही. तू आला नाहीस. अकरा वर्षांत पहिल्यांदा नऊ दिवस आपण बोललो नाही, आणि दहाव्या दिवशी सकाळी सोनाबाईचा फोन आला.

दोन दिवस आधी तुझ्या छातीत दुखलं होतं. तू कराडला दवाखान्यात गेलास, खिशातून ते जुनं ईएसआयचं कार्ड काढून खिडकीत दिलंस. तिथल्या बाईनं बघितलं आणि सांगितलं, तुमचं नाव बंद झालंय, तुम्ही आता कामगार नाही. तिची चूक नाही. तिच्या कॉम्प्युटरवर तू नव्हतास. पैसे भरून दाखवता येईल, असंही ती म्हणाली म्हणे. तू कार्ड खिशात घातलंस, बाहेर येऊन जिरा सोडा प्यायलास आणि घरी येऊन सोनाबाईला सांगितलंस की पित्त हाय. आधी मशीननं ओळखलं नाही, मग खिडकीनं. अरे, माझ्याकडे यायचं. आमचे हे गाडी काढून तुला साताऱ्याला घेऊन गेले असते. पण मीच दार बंद केलं होतं.

पाचव्या दिवशी शेठ आले तुझ्या घरी, फळांची करंडी घेऊन. फळांची, महादू. सोनाबाईला म्हणाले, माझा भाऊ गेला. मी तिथेच बसले होते. बायका डोळ्यांनी दटावत होत्या, तरी मी विचारलं.

"भाऊ हुता तर त्याचं कार्ड का बंद केलंसा?"

शेठनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, हिशेब चुकलेल्या मुलाकडे मास्तर बघतात तसं. "मालकाला ईएसआय नसतं हो, आक्का," ते म्हणाले. "कायदाच आहे तसा."

मी करंडी उचलून बाहेर ठेवली. वरचं मोसंबं हातात घेतलं तर हलकं होतं.

तू गेल्यावर अर्ज आम्ही तुझ्या सहीशिवायच दिला, आणि परवा त्याची तारीख झाली. साताऱ्याचं ऑफिस, वर गरगरणारा पंखा, आम्ही सतराजणी आणि समोर शेठचा वकील. त्यानं काय काढलं असेल? मोबाइल. मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो. म्हणाला, साहेब, सगळं गाव ज्याला मालक म्हणून श्रद्धांजली देतंय तो मालक नाही असं या बायका म्हणतात. तेव्हा मला त्या कोटाचा अर्थ कळला. तुला श्रद्धांजली नव्हती ती. तू मेल्यावर तुझ्याकडून घेतलेली दुसरी सही होती.

पण मीही रिकाम्या हातानं गेले नव्हते. तुझ्या खोलीतलं सामान आवरताना सोनाबाईला पलंगाखाली पिशवी सापडली होती, चार तारा, गच्च भरलेल्या. मी पिशवी साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी एक तार उचलली, चिठ्ठ्या उलटत गेले. कागदाला अजून अननसाचा वास येतो. दसऱ्यानंतरच्या, दिवाळीच्या, पाडव्याच्या, दुकान बंद झालं त्या सकाळपर्यंतच्या. साहेबांनी वकिलाला विचारलं, "मालक रोज सकाळी हजेरी कुणाला देत होते?" वकिलानं चष्मा पुसला. आमच्यातली एक पोर हुंदका देऊन रडली. मला वाटलं, जिंकलो.

वकील हुशार. म्हणाला, चिठ्ठ्या लिहायची त्यांची सवय असेल, पण भागीदारीची सही त्यांनी स्वतः, राजीखुशीनं केली. साहेबांनी आमच्याकडे बघितलं. सही झाली तेव्हा कोण कोण होतं? कुणी जबरदस्ती केली, घाई केली? ज्याला माहीत असेल त्यानं सांगावं.

आणि मी, जिच्या तोंडाच्या पट्ट्याला सगळं उंब्रज भितं, ती मी गप्प बसले.

आता सांगते. तू कागद वाचायला घेतला होतास, महादू. फूल बाजूला करून तू पहिलं पान उचललंस आणि ओठ हलवत वाचायला लागलास. शेठ काही बोलले नाहीत, घड्याळाकडे बघत होते. आरतीचं ताट माझ्या हातात होतं, कापूर पेटलेला, ताट तापलेलं, बोटं भाजत होती. मीच म्हणाले, "पूजेतला कागद वाचत बसतोस व्हय रं? कापूर इझतोय. कर सही." तू माझ्याकडे बघितलंस, हसलास, आणि पेन घेतलंस. आमचे हे मला जन्मभर सांगत आले की वाचल्याशिवाय सही करू नये. मी त्यांचं ऐकते. तुला मात्र वाचू दिलं नाही, कारण माझी बोटं भाजत होती.

हे मी तू जिवंत असताना तुला कधी बोलले नाही. तू विसरलास, अशी स्वतःची समजूत काढली. उलट तुलाच मेंढरामागची अक्कल म्हटलं.

तारखेहून आले ती काल सकाळची एसटी धरून आटपाडीकडं तुझ्या गावाला गेले, खोली सोडून सोनाबाई आता तिकडेच राहतेय. सोनाबाई कडब्याची गंज झाकत होती. झाकायला काय घेतलं होतं तर तोच फ्लेक्स, तुझ्या भाच्यानं उतरवून आणलेला, छापील बाजू खाली. मी म्हटलं, सोनाबाई, मला काहीतरी सांगायचंय. आणि सगळं सांगितलं, कापूर, ताट, सही. मला वाटलं आता ही माझ्या तोंडात शेण घालेल, आणि घालावं असंच मला वाटत होतं.

तिनं फ्लेक्सच्या कोपऱ्यावर दगड ठेवला. मग म्हणाली, "ठावं हाय मला, आक्का. त्यांनी तवाच सांगितलं हुतं."

मी दुसरा दगड उचलून तिच्या हातात दिला. तीच बोलली. "तुमी अर्ज घेऊन आलासा, त्या दिशी मीबी म्हनलं, करा की सही, काय हुतंय. तर त्ये म्हनलं, मग सायेब इचारनार, कुनाच्या सांगण्यावरनं केली. आक्काचं नाव घ्यावं लागंल. सगळ्या पोरी आक्काला खातील. न्हाई घ्यायचं म्हनलं."

तर हे होतं तुझं देवासमोरच्या सहीचं कौतुक. मी तुला भित्रा समजत होते आणि तू मला झाकत होतास. कार्ड गेलं, पीएफ गेला, दारात बायका आल्या, छातीत दुखलं, तरी एक नाव तुझ्या तोंडातून निघालं नाही. मेल्या, एवढं तोंडावर सांगितलं असतंस तर मी तिथल्या तिथे म्हटलं असतं की घे माझं नाव, पहिलं घे. मला कुणी विचारायचं की नाही? शेठनी तुला न विचारता मालक केलं, आणि तू मला न विचारता वाचवलंस. दोघांचाही मला सारखाच राग आलाय. नाही, सारखा नाही. तुझा जास्त आलाय, कारण शेठशी मला अजून भांडता येतं.

सोनाबाईनं जेवू घातलं. निघताना तिनं तुझा चाकू दिला, ॲप्रनमधला, म्हणाली तुमच्याकडं असू द्या.

पुढच्या महिन्यात तारीख आहे. साहेब पुन्हा विचारतील, सही करताना घाई कुणी केली. शेठचा वकील बसलेला असेल, सोळाजणी बसलेल्या असतील, आणि त्यातल्या कुणी मला खाल्लं तर खाऊ दे. मी उभी राहीन आणि तू जे नाव घेतलं नाहीस ते मी घेईन.